पावसाळा संपला की शिंका सुरू होतात, यावर कायमचा इलाज आहे का?

तुम्ही लिहिलंय की दरवर्षी दसऱ्याच्या आसपास शिंका, गळणारं नाक आणि डोळ्यांची खाज सुरू होते, सेटिरिझिन खाऊन खाऊन वैताग आलाय, आणि सासुरवाडीहून गावठी मधाची बाटली आली आहे, तर रोज चमचाभर खाल्ल्याने फरक पडेल का.

मधाचं आधी उरकतो. खा, गोड लागतो. पण मधमाशी ज्या फुलांवर बसते त्यांचे परागकण जड आणि चिकट असतात, ते माशीच्या पायाला लागून जातात. तुमच्या-माझ्या नाकात शिरतात ते वाऱ्यावर उडणारे, गवतांचे आणि तणांचे. चोर एका गल्लीत आणि पहारा दुसऱ्या गल्लीत, असला प्रकार आहे तो.

आता माझं ऐका. मी मोजणी खात्यात भूकरमापक आहे, पुणे जिल्ह्यात. तालुका सांगत नाही. पावसाळ्यात शेतात चिखल आणि उभी पिकं असतात, त्यामुळे मोजण्या तुंबतात आणि पाऊस उघडला की एकदम सगळ्या तारखा लागतात. म्हणजे बरोबर ज्या दिवसांत गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरलेलं असतं त्याच दिवसांत मी बांधावर उभा. पडीक रान असेल तर कमरेएवढं. ज्यांना हे गवत माहीत नाही असा माणूस पुण्याकडे नसेल. काँग्रेस गवत म्हणतात ते हेच. 1950च्या दशकात अमेरिकेच्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानतात, आणि देशात ते आधी नजरेत भरलं ते आमच्या पुण्यातच. गहू कधीच खाऊन संपला, आम्ही अजून शिंकतोय.

2013 सालची गोष्ट. दोन शेजाऱ्यांचा बांधाचा वाद, मोजणी लागली दिवाळीच्या आधी. अर्जदार हजर, लगतधारक म्हणजे शेजारच्या जमिनीचा मालक हजर, त्याचे दोन मुलगे, पोलीस पाटील, आणि फुकटची गंमत बघायला आलेलं निम्मं गाव. मधल्या पडीक पट्ट्यात नुसतं गाजर गवत. तेव्हा आमच्याकडे अजून प्लेन टेबलच होतं, म्हणजे तिकाटण्यावरचा फळा, त्यावर कागद लावून जागेवरच पेन्सिलीने नकाशा काढायचा. सकाळी निघताना दोन सेटिरिझिन घेतलेल्या, एकीने भागत नाही म्हणून. त्यामुळे डोळ्यांवर झापड, आणि वरून शिंका. मोजल्या नाहीत, पण आमच्या शिपायाने मोजल्या. एका दमात एकवीस.

तर टेबलावर वाकून रेघ मारत होतो आणि नाकातला थेंब थेट कागदावर पडला. रुमालाने टिपायला गेलो, तर पेन्सिलीची रेघ पुसट झाली. झालं. लगतधारक ओरडला, "साहेब रेघ पुसतोय!" मी मान वर केली. डोळे लाल, वरच्या पापण्या सुजलेल्या, आवाज नाकातून, आणि गोळीच्या गुंगीत पाय ढेकळात अडखळला. तो म्हणाला, "हा तर घेऊन आलाय."

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आमच्या घरात तीन पिढ्या वारी आहे. दारू तर सोडाच, मी कधी ताडीचा वास घेतलेला नाही. आणि त्या माणसाने वरिष्ठांकडे लेखी अर्ज दिला की भूकरमापक मद्यधुंद अवस्थेत मोजणीस आला व समोरच्या पार्टीच्या फायद्यासाठी खुणा खोडल्या. 'मद्यधुंद' हा शब्द मी अजून विसरलेलो नाही. खुलासा लिहायला बसलो, तर काय लिहायचं? मला गवत सहन होत नाही? भूकरमापकाने? साहेब तोंडावर काही बोलले नाहीत, पण हसले. ते हसणं त्या अर्जापेक्षा लागलं.

घरी आमचे थोरले बंधू. दादा म्हणाले, शहरात राहून नाजूक झालास, आपल्या बापाने याच मातीत जन्म काढला, त्याला कधी शिंक आली? (आली होती. वडील मळणीला उपरणं तोंडाला बांधून बसायचे, ते काय हौस म्हणून?) आणि दुसऱ्या दिवशी मला गाडीवर बसवून तालुक्याच्या गावी एका डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने नाकात बघितलंसुद्धा नाही. कमरेत एक इंजेक्शन, म्हणाला चार महिने शिंक आली तर पैसे परत.

खोटं कशाला बोलू, जादू झाली. दोन दिवसांत नाक असं मोकळं झालं की सकाळी चहाचा वास आला तर मी दचकलो. डोळ्यांची लाली गेली. भूक दुप्पट लागायला लागली. पुढे चार वर्षं दर दसऱ्याला आपटा, सोनं आणि ती सुई. दादांची छाती फुगलेली. गावात आणखी आठ-दहा जणांना त्यांनी त्या दवाखान्याची वाट दाखवली.

2017 मध्ये खात्याच्या आरोग्य तपासणीत उपाशीपोटी साखर 168 निघाली. वय 41. तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? मी म्हटलं, काही नाही, फक्त वर्षाला एक अॅलर्जीची सुई. त्यांनी नाव विचारलं. मला नाव कुठे माहीत! पुढच्या वेळी रिकामी बाटली खिशात घालून आणली, त्यावर ट्रायअॅम्सिनोलोन, 40 मिलिग्रॅम असं लिहिलेलं. स्टिरॉईड. साठवणीचं. आठवडेच्या आठवडे सबंध शरीरात झिरपत राहणारं. साखर वाढते, रक्तदाब वाढतो, वारंवार घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, शरीराची स्वतःची स्टिरॉईड बनवायची यंत्रणा सुस्तावते. नाकासाठी एवढा खटाटोप म्हणजे उंदीर मारायला घर पेटवणं.

त्यांनीच कान-नाक-घशाच्या बाईंकडे पाठवलं आणि त्यांनी नाकात मारायचा स्प्रे दिला. फ्लुटिकासोन. मोमेटासोन पण चालतो. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर म्हणाल तर हेच आहे, आणि ते गोळीपेक्षा भारी आहे. गोळी शिंका आणि खाज थांबवते, पण चोंदलेल्या नाकाला तिचा फारसा उपयोग नसतो. स्प्रे मूळ सूजच उतरवतो. मात्र तो एका दिवसात चालत नाही. लोक दोन दिवस मारतात, काही होत नाही म्हणून फेकून देतात. पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आधीच सुरू करायचा. मी पितृपक्ष लागला की बाटली काढतो आणि तुळशीचं लग्न झालं की बंद करतो. रोज, शिंक असो वा नसो.

मारायची पण रीत आहे, ती मला कुणी सांगितली नव्हती. मी मान मागे टाकून आत फुस्स करायचो आणि जोरात ओढायचो. सगळं घशात, तोंड कडू, आणि पंधरा दिवसांत नाकातून रक्त. मग बाईंनी स्वतः करून दाखवलं. मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा. नळीचं टोक मधल्या पडद्याकडे न धरता बाहेर, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने. हलकेच श्वास, ओढायचं नाही. आधी मीठ घातलेल्या कोमट पाण्याने नाक धुतलं तर आणखी उत्तम, जलनेतीच ती. पण पाणी उकळून गार केलेलंच घ्या. नळाचं पाणी नाकात घालू नका, त्यातल्या अमिबाने मेंदूला संसर्ग होऊन माणसं गेलेली आहेत. क्वचित होतं, पण होतं.

आता दादा. त्यांना कळल्यावर ते म्हणाले, "स्टिरॉईड वाईट म्हणतोस आणि नाकात स्टिरॉईडच मारतोस. मग माझी सुई काय वाईट होती?" चारचौघांत म्हणाले, भाच्याच्या साखरपुड्यात. सगळे हसले. तेव्हा मला सुचलं नाही, आता इथे सांगतो. मी मापाचा माणूस आहे. स्प्रेचा एक फवारा 50 मायक्रोग्रॅम. दोन नाकपुड्या, प्रत्येकी दोन फवारे, दिवसाला 200. ती सुई 40 मिलिग्रॅम, म्हणजे 40,000 मायक्रोग्रॅम. म्हणजे एका सुईत माझे 200 दिवस. त्यातून स्प्रेचं औषध जिथल्या तिथे काम करतं, रक्तात जेमतेम जातं. सुई अख्खी रक्तातूनच फिरते. दोन औषधं वेगळी आहेत, त्यामुळे हा हिशोब काट्यावर धरू नका. पण दादा, गुंठा आणि एकर यांत फरक असतो एवढं तरी मान्य करा.

मेडिकलवाल्याकडे नुसती सेटिरिझिन मागितली तरी हल्ली तो माँटेलुकास्ट जोडलेली गोळी पुढे करतो. त्या माँटेलुकास्टवर 2020 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध खात्याने, सगळ्यात कडक इशारा छापायला लावला आहे: मनःस्थिती बिघडणं, भयानक स्वप्नं, आत्महत्येचे विचार. नुसत्या नाकाच्या अॅलर्जीला इतर औषधं चालत नसतील तरच द्या, असं त्यात आहे. आपल्याकडे शेंगदाण्यासारखी वाटतात. गोळी घ्यायचीच तर फेक्सोफेनाडिनने झोप कमी येते, गाडी चालवणाऱ्याला ती बरी. फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, नीट शोषली जात नाही. आणि नाक मोकळं करणारे थेंब, ते टाकल्या टाकल्या गार वाटणारे, तीन ते पाच दिवसांच्या वर नको. नंतर थेंब बंद केले की नाक जास्त चोंदतं आणि माणूस बाटलीचा गुलाम होतो. आमच्या ऑफिसात असा एक जण आहे, त्याच्या टेबलावर स्टॅम्प पॅडशेजारी ती बाटली असते.

कायमचा इलाज म्हणाल तर इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याची अॅलर्जी त्याचाच अगदी थोडा अंश वाढत्या मात्रेत टोचायचा किंवा जिभेखाली थेंब घ्यायचे. दादा याला नवीन फॅड म्हणाले. नवीन? लिओनार्ड नूनने लंडनमध्ये गवताच्या परागकणांवर हे करून 1911 साली छापलंय. पण तीन ते पाच वर्षं चिकाटीने करावं लागतं आणि आधी त्वचेवर टोचून तपासणी. तपासणीआधी साधारण आठवडाभर अॅलर्जीच्या गोळ्या बंद, नाहीतर निकाल खोटा येतो. माझी तपासणी झाली, हातावर गाजर गवताच्या जागी चार आण्याएवढी गांध उठली. ती बघून मला रडायला आलं. चार वर्षं मी लोकांना सांगत होतो! फोटो काढून दादांना पाठवला. पुढचा कोर्स मात्र मी केला नाही, दर आठवड्याला पुण्याला कोण जाणार. त्यामुळे त्याचा अनुभव माझ्याकडे नाही.

बाकी किरकोळ. शेतातून आलं की आधी आंघोळ, केसांसकट. कपडे बाहेरच्या दोरीवर वाळत घालू नका. मास्क लावा, करोनानंतर आता कुणी हसत नाही. गाजर गवत उपटायचं ते फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून. मी एकदा घरामागचं नुसत्या हाताने उपटलं आणि कोपरापर्यंत पंधरा दिवस खाजवत बसलो. ते मेक्सिकोहून आणलेले भुंगेरे पावसाळ्यात पानं खातात खरे, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. त्यांना पगार नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मी डॉक्टर नाही. छातीत घरघर, रात्री खोकला, धाप असेल तर हे सगळं बाजूला ठेवून छातीच्या डॉक्टरांकडे जा, नाकाची अॅलर्जी आणि दमा ही एकाच नळीची दोन टोकं आहेत. एकाच नाकपुडीतून रक्त किंवा घाण येत असेल तर ती अॅलर्जी समजू नका. दिवस गेलेल्या बाईने, लहान मुलांना देताना, विचारूनच. स्टिरॉईडच्या सुईने कुणाकुणाचे जीव वाचतात, मी भांडतोय ते नाकासाठी दर दसऱ्याला घेण्यावर. आणि हो, आमच्या वडिलांनाही साखर होती, तेव्हा माझी साखर सगळी सुईचीच असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. हे दादांना कळवू नका.

शिवाय तुम्ही गाव लिहिलेलं नाही. कोकणात किंवा मुंबईत असाल आणि त्रास भर पावसात असेल तर गवतापेक्षा भिंतीवरची बुरशी आणि गादीतले धुळीचे किडे बघा. माघ-फाल्गुनात होत असेल तर झाडांचे परागकण, वावळ वगैरे. दिवाळीच्या साफसफाईच्या दिवशीच होत असेल तर माळा तुम्ही झाडू नका, एवढंच.

त्या बांधाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. लगतधारकाने निमताना मोजणी मागितली, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी. दुसरे अधिकारी आले, नवं मशीन आलं, गवत आधी कापून घेतलं होतं. हद्द मी दाखवली होती तिथेच निघाली.