सिंदखेडराजाचा राजवाडा आणि बाग पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

बुलडाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथील लखुजीराव जाधवांचा राजवाडा पहिल्यांदाच पाहणार असाल, तर १२ जानेवारी हा दिवस विचारपूर्वक निवडावा. जिजाऊंचा जन्म १५९८ मध्ये याच वाड्यात झाला असे मानले जाते, त्यामुळे त्यांच्या जयंतीला येथे प्रचंड जनसमुदाय लोटतो आणि वास्तू निवांतपणे पाहणे अशक्य होते. उत्सव अनुभवायचा असेल तर तो दिवस उत्तमच, एरवी डिसेंबरातील एखादी सकाळ बरी. एप्रिल-मे महिन्यांत मात्र दुपारी येऊ नये, कारण वऱ्हाडचे ऊन दगडी फरशीवर अनवाणी उभे राहू देत नाही.

वाड्यासमोरची बाग नगरपरिषदेने विकसित केलेली आहे, तेव्हा तिला जाधवकालीन समजू नये. आधी वाडा पाहावा, मग बागेत सावली धरून शिदोरी सोडावी. प्रवेशद्वारातून आत शिरताना क्षणभर थांबून मान वर करावी; बहुतेक जण छायाचित्रांच्या नादात थेट जन्मस्थळाकडे धावतात आणि दरवाजाची भव्यता नजरेतून निसटते. जन्मस्थळी पादत्राणे बाहेर काढावीत.

तेवढ्यावर परत फिरू नये. लखुजीरावांची समाधी, मोती तलाव आणि पुतळा बारव ही पायऱ्यांची विहीर याच गावात आहेत. माझ्या मते बारवेला सर्वाधिक वेळ द्यावा, कारण तिच्या भिंतींतील कोरीव मूर्ती एकेक करून न्याहाळण्यासारख्या आहेत. मात्र पायऱ्या जपून उतराव्यात, आणि मुलांचा हात सोडू नये.