आधी सुप्रमा वाच

प्रिय,

काल फोनवर तू भडकली होतीस. धरणाच्या वाढलेल्या खर्चाची एवढी मोठी बातमी लावली, राजीनाम्याची मागणी झाली आणि चार दिवसांत सगळं थंड. मग लिहायचं कशाला, असं तुझं म्हणणं. फोनवर उत्तर जमलं नाही, म्हणून लिहितोय.

2012 साली आम्ही सगळेच एका आकड्यावर तुटून पडलो होतो. दहा वर्षांत सत्तर हजार कोटी खर्च, सिंचन वाढलं 0.1 टक्का! आकडा कुणी चोरून आणला नव्हता, राज्याच्याच आर्थिक पाहणी अहवालातला होता. मीही तो मथळ्यात ठोकून दिला. तक्ता नीट पाहिला तो दोन महिन्यांनी. पिकाखालच्या एकूण क्षेत्रात सिंचित क्षेत्राचा वाटा 17.8 वरून 17.9 टक्के झाला, एवढंच तिथे होतं. वाटा आणि वाढ यांत मी गल्लत केली होती. नंतर सरकारने श्वेतपत्रिका काढली, ती निर्माण झालेल्या सिंचन क्षमतेवर भर देणारी. क्षमता कागदावर धरता येते, पाणी शेतात पोचो न पोचो. आमच्या आणि सरकारच्या फूटपट्ट्याच वेगळ्या, आणि वाचक बिचारा खोटारडा शोधत बसला.

या सिंचनाच्या वादावरून त्याच वर्षी सप्टेंबरात अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपद सोडलं, डिसेंबरात पुन्हा शपथ घेतली. पुढे 2019 मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने नागपूर खंडपीठात प्रतिज्ञापत्र देऊन त्यांच्यावर जबाबदारी येत नसल्याचं सांगितलं. राजीनामा पडला त्या दिवशी आम्ही मात्र बातमी संपली असं समजून घरी गेलो होतो.

खरी मेख एका रटाळ शब्दात होती: सुप्रमा. सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे प्रकल्पाच्या वाढलेल्या किमतीला सरकारने दिलेली मंजुरी. विदर्भातल्या 38 प्रकल्पांची किंमत 2009 मध्ये काही महिन्यांत 6,672 कोटींवरून 26,722 कोटींवर गेली, ती याच वाटेने. अशी एक नस्ती, म्हणजे सरकारी फाईल, मी चाळली आहे. कारणं तीनच: दरसूची (कामाचे सरकारी दर) बदलली, भूसंपादन महागलं, संकल्पचित्र (धरणाचा आराखडा) बदललं. तिन्ही खरी असू शकतात. पण कोणत्या कारणाला किती कोटी, हे विचारलं तेव्हा कारकुनाने माझ्यासाठी चहा सांगितला आणि नस्ती अलगद काढून घेतली.

आता तुझ्याकडे अर्थसंकल्प आलाय. भाषणातल्या टाळ्या अंदाजाच्या रकान्याला असतात. तू प्रत्यक्ष खर्चाचा रकाना बघ, तो दोन वर्षं मागचा असतो. 2025-26 च्या पुस्तकात 2023-24 चा हिशेब सापडेल. मग पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेला जादा खर्च, वाच. मार्चमध्ये तोंडातून न निघालेल्या गोष्टी तिथे येतात. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, तेव्हा लवकरची गाडी काढू नकोस. (मी काढायचो.)

तू सांगत होतीस त्या धरणाची ही कितवी सुप्रमा, ते आधी काढ. माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत बसव, वर दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लाव. ‘सर्व कागदपत्रे’ असं मागू नकोस, अर्ज परत येईल. प्रत्येक सुप्रमेचा दिनांक, रक्कम आणि कारणवार फरक, एवढंच माग. मसुदा पाठव, रात्री बघून ठेवतो.

तुझा,
काका