पवना उन्हाळ्यातही वाहते, मग पिंपरी-चिंचवडला तिच्यातून आणखी पाणी का उचलता येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रावेतला, म्हणजे जिथल्या बंधाऱ्यावरून शहर पाणी उचलतं तिथे, भर एप्रिलमध्येही पवनेला पाणी दिसतं, तरी नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी मिळतंय. मग बंधाऱ्यावर आणखी चार पंप बसवले तर काय बिघडतं, आणि किती उचलायचं ही मर्यादा ठरवतं कोण?

एप्रिलमध्ये रावेतला दिसणारं पाणी नदीचं नसतं, धरणाचं असतं. सह्याद्रीतल्या नद्यांचा जवळजवळ सगळा ओघ जून ते ऑक्टोबरमध्ये येऊन जातो. त्यानंतर पवनेत जे वाहतं ते पवना धरणातून सोडलेलं पाणी. ते मोजून सोडलेलं असतं आणि त्यावर कोणाचं ना कोणाचं नाव असतं. रावेतला पंप वाढवले तर धरणातला साठा वाढत नाही, फक्त तो लवकर संपतो.

आकडेमोडीआधी एककं जुळवून घेऊ, कारण बातम्यांमधला निम्मा गोंधळ तिथेच असतो. धरणाचा साठा टीएमसीत (अब्ज घनफूट), मंजुरी दलघमीत (दशलक्ष घनमीटर), विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) आणि शहराचा पुरवठा एमएलडीत (दिवसाला दशलक्ष लिटर) सांगतात. १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. वर्षभर रोज सारखं वापरलं तर १ टीएमसीतून रोज ७७.६ एमएलडी मिळतात. १ क्युसेक म्हणजे २.४५ एमएलडी आणि १ घनमीटर प्रतिसेकंद म्हणजे ८६.४ एमएलडी.

पवना धरणाचा उपयुक्त साठा ८.५१ टीएमसी. शहर रावेतहून रोज साधारण ५१० एमएलडी उचलतं, म्हणजे सेकंदाला ५.९ घनमीटर किंवा २०८ क्युसेक. पावसाळ्यात धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचं पाणी नदीला मिळतं, त्यामुळे त्या काळात रावेतसाठी धरणावर फारसा भार पडत नाही. खरा हिशेब १५ ऑक्टोबर ते १५ जुलैचा. पाऊस लांबला तरी साठा पुरावा म्हणून जलसंपदा विभाग १५ जुलैपर्यंतची बेगमी धरतो. हे २७३ दिवस. ५१० गुणिले २७३ म्हणजे १३९ दलघमी, ४.९२ टीएमसी. धरण काठोकाठ भरलं असं धरलं तरी हातात उरतात ३.५९ टीएमसी.

आता या ३.५९ मधून काय काय भागवायचं ते बघा. एक, बाष्पीभवन: वर्षाला दीड मीटरचा थर उडतो असं धरलं तर जलाशयाच्या प्रत्येक चौरस किलोमीटरमागे १५ लाख घनमीटर पाणी जातं, आणि त्यातला मोठा वाटा मार्च ते मे या तीन महिन्यांत. दोन, धरण ते रावेत या सुमारे ३५ किलोमीटरमधली वहनघट, म्हणजे वाहताना वाटेत मुरून-उडून जाणारं पाणी. शिवाय काठावरच्या शेतकऱ्यांचे परवानाधारक उपसे, एमआयडीसी, तळेगाव, वाटेतल्या गावांच्या योजना आणि पाऊस ओढला तर हाताशी ठेवायचा थोडा साठा. शहराने आणखी १०० एमएलडी मागितले की त्याच २७३ दिवसांत ०.९६ टीएमसी जातात, म्हणजे उरलेल्यापैकी पाव हिश्शाहून जास्त. तुमच्या ‘चार पंपां’ची खरी किंमत ही.

नदीतूनच पाणी आणण्याची आणखी एक अडचण पुलावरून दिसत नाही. पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने येतं असं धरा; ३५ किलोमीटरला १९-२० तास लागतात. आज सकाळी धरणातून विसर्ग कमी झाला तर रावेतला ते उद्या पहाटे कळतं. आणि उलटही होतं. रावेतची वीज गेली, पंप थांबले, की तासाला २ कोटी १२ लाख लिटर पाणी बंधाऱ्यावरून खाली जातं. ते परत आणता येत नाही. म्हणून जॅकवेलवर (नदीकाठच्या ज्या विहिरीतून पंप पाणी उचलतात तिथे) विजेचे दोन स्वतंत्र फीडर, म्हणजे पुरवठ्याच्या वाहिन्या, असणं ही चैन नसते.

जॅकवेलमध्ये मर्यादा पंपाच्या क्षमतेपेक्षा पातळीने जास्त पडते. व्हर्टिकल टर्बाइन पंपाच्या (विहिरीत उभा सोडलेल्या पंपाच्या) तोंडावर उत्पादकाने सांगितलेल्या किमान उंचीइतकं पाणी हवं. पातळी त्याखाली गेली की भोवरा तयार होतो, पंप हवा ओढतो, खडखडाट सुरू होतो आणि इंपेलर (पंपाचं फिरतं पातं) खाल्ला जातो. अशा वेळी जादा पंप चालू केला तर पातळी आणखी खाली जाते आणि एकूण उपसा वाढण्याऐवजी घटतो. त्यात फेब्रुवारी-मार्चपासून जलपर्णी वाहत येऊन जाळीला चिकटते. जाळीच्या बाहेर पातळी ठीक आणि आत अर्धा मीटर कमी, असं दिसलं तर पंपाला दोष देण्याआधी जाळी साफ करा. पावसाळ्यात उलट त्रास: पाणी भरपूर, पण गाळ इतका की नदीतून जॅकवेलकडे येणारा अप्रोच चॅनल भरतो.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. समजा वर धरणच नाही, नुसती वाहती नदी आहे. मग किती उचलता येईल हे कसं काढायचं?

आधी ओघ मोजायचा. सरळ, एकसारख्या पात्राचा ५० मीटरचा तुकडा निवडा. आडव्या छेदावर दर दोन मीटरला खोली घ्या. तरंगता ठोकळा सोडून वेळ मोजा, तीन-चार ठिकाणी, प्रत्येकी निदान तीनदा. समजा पात्र २० मीटर रुंद, सरासरी खोली ०.६ मीटर आणि ठोकळ्याला १२५ सेकंद लागले. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर, तो ०.८५ ने गुणायचा, कारण तळाशी पाणी सावकाश वाहतं. वेग आला ०.३४, ओघ ४.०८ घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे सुमारे ३५० एमएलडी. करंट मीटर (पाण्याचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर उथळ पाण्यात पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर एक वाचन, खोल पाण्यात ०.२ आणि ०.८ वर दोन वाचनं घेऊन सरासरी.

पण हा एका दिवसाचा आकडा, आणि एका दिवसावर शहर बांधता येत नाही. मागच्या निदान ३० वर्षांचे ओघ उतरत्या क्रमाने लावायचे. विश्वासार्हता, म्हणजे शंभरातल्या किती वर्षांत निदान तेवढा ओघ मिळतो ते, काढायला क्रमांक भागिले (एकूण वर्षं अधिक १). ३० वर्षांच्या यादीत ७५ टक्क्यांचं वर्ष साधारण तेविसावं येतं, ९५ टक्क्यांचं शेवटून दुसरं. सिंचन प्रकल्प ७५ टक्क्यांवर आखतात. चार वर्षांतून एकदा पीक कमी आलं तर निभावतं. पिण्याच्या पाण्याला ९५ टक्के किंवा त्याहून जास्त विश्वासार्हता धरावी लागते. पुष्कळ प्रस्ताव इथेच चुकतात: वार्षिक सरासरी घेतात. आपल्याकडे सरासरी ओघ असा कुठल्याच महिन्यात वाहत नसतो. ऑगस्टमध्ये पूर, मेमध्ये डबकी. हिशेब महिन्यावार, उन्हाळ्यात तर दहा-दहा दिवसांचा हवा.

मग त्यातून नदीचा वाटा बाजूला काढायचा. राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१७ मध्ये नद्यांमध्ये कोरड्या काळातल्या सरासरी ओघाच्या किमान १५ ते २० टक्के प्रवाह ठेवायला सांगितलं. वरच्या गंगेसाठी केंद्राची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना याहून काटेकोर आहे: नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे २५ टक्के, जून ते सप्टेंबर ३० टक्के. माझ्या मते एकच सपाट टक्केवारी लावण्यापेक्षा ही महिन्यावार रीत बरी, कारण माशांची वीण आणि गाळाची वाहतूक पावसाळ्यातल्या चढ-उतारावर चालते.

एक कल्पित उदाहरण करून बघू. कोरड्या काळातला सरासरी ओघ सेकंदाला ६ घनमीटर, ९५ टक्के विश्वासार्ह ओघ ४. नदीसाठी ६ चे २० टक्के म्हणजे १.२ सोडायचे. खालच्या गावांचे आणि परवानाधारकांचे हक्क १.५. उरले १.३ घनमीटर, म्हणजे ११२ एमएलडी. माणशी रोज १३५ लिटर आणि १५ टक्के गळती धरली तर उपशाच्या ठिकाणी माणशी १५९ लिटर लागतात. या नदीवर सात लाख लोकांचं शहर जगेल. पात्रात ३५० एमएलडी डोळ्यांना दिसत असताना उचलायला मिळतात ते एवढे. लोकसंख्या त्यापुढे गेली तर साठवण बांधणं भाग आहे: ५० एमएलडीची तूट १०० दिवस भरून काढायला ५ दलघमीचा तलाव लागतो, बाष्पीभवन वेगळं.

मंजुरीचं म्हणाल तर महाराष्ट्रात आरक्षण वार्षिक दलघमीत मिळतं आणि करारनामा जलसंपदा विभागाशी होतो. कायद्याची चौकट २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाची. कोणत्या क्षेत्राला किती पाणी हा निर्णय २०११ च्या दुरुस्तीनंतर मंत्रिमंडळाकडे आहे. सिंचनाचं पाणी शहराकडे वळवलं तर घटलेल्या क्षेत्रासाठी महापालिकेला सिंचन पुनर्स्थापनेचा खर्च भरावा लागतो, आणि मंजुरीपेक्षा जास्त उचललं तर पाणीपट्टी वाढीव दराने लागते. बिल जॅकवेलच्या मीटरवर असतं. म्हणून मीटरआधी पाइपच्या व्यासाच्या किमान पाचपट आणि नंतर तिप्पट सरळ लांबी सोडलेली आहे ना, हे महापालिका आणि जलसंपदा विभाग दोघांनीही तपासायला हवं. वळणाला लागून बसवलेला मीटर कोणाच्या बाजूने चुकेल याचा नेम नाही.

मंजुरीच्या छाननीत पहिला प्रश्न येतो तो माणशी पाण्याच्या मापदंडाचा. शहराची लोकसंख्या ३० लाख धरली तर माणशी १३५ लिटर आणि १५ टक्के गळतीसह गरज ४७६ एमएलडी निघते, आणि उचल तर त्याहून जास्त आहे. मग दिवसाआड पाणी का? याचं उत्तर नदीत नाही, जमिनीखालच्या नळांत आहे. ५१० एमएलडीतली एक टक्का गळती म्हणजे ५१ लाख लिटर, पावणेअडतीस हजार माणसांचं रोजचं पाणी. अर्थात गळतीत बेकायदा जोड आणि बंद मीटरही येतात, तेव्हा सगळीच काही जमिनीत मुरत नाही.

बंद जलवाहिनीबद्दलही तुम्ही विचाराल. धरणातून थेट निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पाणी आणलं तर वहनघट वाचते, जलपर्णी आणि सांडपाणी टळतं, वीज गेल्यावर पाणी वाया जात नाही. तांत्रिकदृष्ट्या ही योजना चांगलीच आहे. पण वहनघट म्हणून जे कागदावर वाया जातं, त्यातलंच काठच्या विहिरींना मिळतं, आणि नदीत विसर्गच नसेल तर काठावरच्या मोटरी कोरड्या पडतात. मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध या भीतीतून होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावरच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला आणि काम थांबलं. नदीत किती क्युसेक कायम सोडणार हे करारात आकड्याने लिहिल्याशिवाय अशी योजना पुढे रेटू नये असं मला वाटतं.

शहराने वाढीव पाणी शोधलं ते दुसऱ्या खोऱ्यांत: आंद्रा धरणातून १०० आणि भामा आसखेडमधून १६७ एमएलडी. आंद्राचं पाणी इंद्रायणीत सोडून निघोजेच्या बंधाऱ्यावर उचलतात आणि चिखलीला शुद्ध करतात, म्हणजे रावेतचीच पद्धत, त्याच अडचणींसकट. भामा आसखेडचं पाणी जलवाहिनीने आणायचं आहे.

उचललेल्या पाण्याचं पुढे काय होतं, हेही मर्यादेतच मोजतात. कृष्णा खोऱ्याचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने शहरांनी उचललेल्या पाण्यापैकी फक्त २० टक्के ‘वापर’ मानला. बाकीचं नदीत परत येतं असं गृहीत. परत येतं खरं, पण सांडपाणी होऊन. रावेतला चांगलं पाणी उचललं की चिंचवडपासून दापोडीच्या मुळा-संगमापर्यंत पवनेला शहराने परत दिलेल्या पाण्यावरच भागवावं लागतं. त्यातलं जेवढं प्रक्रिया न होता येतं, तेवढी खालची नदी खराब, आणि ते सगळं पुढे उजनी धरणात. बंधाऱ्याखाली सोडायचा किमान प्रवाह म्हणूनच नुसत्या घनमीटरवर ठरवून पुरत नाही. खाली किती सांडपाणी मिसळतं हे आधी मोजावं लागतं.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर माहिती अधिकारात तीनच गोष्टी मागा: पवना धरणातून नदीत सोडलेला दैनंदिन विसर्ग, रावेत जॅकवेलचं दैनंदिन मीटर वाचन आणि त्याच तारखांना बंधाऱ्यावरून खाली गेलेला ओघ. विसर्गाची तारीख उचलीच्या एक दिवस आधीची धरा. पहिल्यातून बाकीचे दोन वजा केले की वाटेत किती पाणी जातं ते कळेल. तिसरा आकडा कोणी नोंदवतच नसेल, तर किमान प्रवाह पाळला जातोय की नाही हे सांगायला कोणाकडेच काही नाही.