विचारा की! : थीम पार्कच्या बाजारात साबणाचं दुकान कशाला?

मागच्या अंकात परदेशातल्या थीम पार्कांवर लिहिलं तर वाटलं लोक पाळण्यांबद्दल विचारतील, पण आलेले निम्मे मेसेज दुकानांवरच. मग म्हटलं होऊन जाऊ दे, या वेळी फक्त बाजार.

प्रश्न : दादा नमस्कार. लेक जावई अमेरिकेत ऑरलँडोजवळ असतात, त्यांच्याकडं आम्ही दोघं आणि मेहुणे जाऊन आलो. तिथं डिस्ने स्प्रिंग्ज म्हणून मोठा बाजार आहे, तिकीट नाही, पार्किंगला पैसे नाहीत, सगळं झकास. पण मिकीच्या दुकानाशेजारी साबणाचं दुकान, ब्रँडेड कपड्यांची दुकानं, आणि भर उन्हाळ्यात ख्रिसमसचं सामान विकणारं दुकान! मी म्हटलं ह्याचा डिस्नेशी काय संबंध. मेहुणे म्हणतात असायलाच पाहिजे. परत येऊन इतके दिवस झाले तरी वाद मिटेना, निकाल तुम्ही द्या. (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : अर्धा निकाल मेहुण्यांच्या बाजूनं आहे, त्यामुळं चहा तुमच्याकडून.

कसं आहे, हा बाजार तिथल्या डिस्नेच्या पार्कच्या गेटच्या बाहेर आहे आणि सगळी मेख तिथंच आहे. १९७५ साली तो सुरू झाला तेव्हा नाव होतं लेक बुएना व्हिस्टा शॉपिंग व्हिलेज, शेजारी डिस्नेनंच घरं बांधलेली, त्या लोकांना आणि आसपासच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना संध्याकाळी कुठंतरी जायला पाहिजे म्हणून तळ्याकाठी दुकानं. पुढं नावं बदलत गेली, डाउनटाउन डिस्ने झालं, २०१५ पासून डिस्ने स्प्रिंग्ज. म्हणजे तिथं फिरणाऱ्यातले बरेच जण त्या दिवशी पार्कात गेलेलेच नसतात. कोण गावातलं जेवायला आलेलं असतं, कोण सकाळी पोचलंय आणि पार्क उद्या बघणार आहे. अशा माणसाला नुसत्या मिकीच्या टोप्या किती विकणार? तेव्हा बाहेरच्या बाजारात कपडे-चपला असल्या तर बिघडत नाही, मेहुण्यांचं म्हणणं इथपर्यंत कबूल.

गेटच्या आत मात्र कडक राहायला पाहिजे, आणि हे डिस्नेलाही ठेच लागूनच कळलं. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा पैशाची ओढाताण होती, म्हणून पार्कातल्या मेन स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरचे गाळे बाहेरच्या कंपन्यांना भाड्यानं दिले. त्यात बायकांच्या अंतर्वस्त्रांचंही एक दुकान होतं! पोरांना घेऊन हत्तीच्या पाळण्यात बसायला आलेली बाई तिथं कशाला शिरेल, काही महिन्यांतच ते बंद झालं. मजा म्हणजे त्याच रस्त्यावरचं तंबाखूचं दुकान कितीतरी वर्षं टिकलं, कारण रस्ता जुन्या अमेरिकन गावासारखा सजवलेला आणि त्यात ते शोभून दिसत होतं. शिवाय गिऱ्हाईक आयतं, तो काळच तंबाखू ओढणाऱ्यांचा होता.

आता तुमचं साबण आणि ख्रिसमस. माझी कसोटी एकच: दुकानात डोळ्यांसमोर काहीतरी घडतंय का, आणि तेच मला घराजवळच्या बाजारात मिळतं का. थीमला जुळतंय का हे मी त्याच्यानंतर बघतो. ख्रिसमसच्या दुकानात झाडाला टांगायच्या शोभेच्या वस्तूवर तुमचं नाव लिहून देतात, आठवण म्हणून माणूस जूनमध्येसुद्धा घेतो, म्हणजे ते पास. नुसता ब्रँडेड शर्ट, जो पुण्याच्या मॉलमध्ये मिळतो, तो माझ्याकडून नापास, मेहुणे काहीही म्हणोत. साबणाचं म्हणाल तर, तिथं हात धुवून वापरून बघायला देत असतील तर राहू दे, नुसती मांडून ठेवलेली वडी असेल तर काढा.

ह्या कसोटीत पैकीच्या पैकी मार्क आरिबास ब्रदर्सना. स्पेनमधले काचकाम करणारे भाऊ, १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात वॉल्ट डिस्नेच्या नजरेत भरले आणि पुढं डिस्नेलँडमध्ये दुकान मिळालं. ज्योतीवर काचेची कांडी फिरवत फिरवत त्याचा किल्ला करतात, लोक आधी बघत उभे राहतात आणि मग पाकीट काढतात. तिथलंच जादूच्या सामानाचं दुकान घ्या, काउंटरवरचं पोरगं गिऱ्हाइकाला हातचलाखी करून दाखवायचं, असंच एक पोरगं पुढं स्टीव्ह मार्टिन म्हणून मोठा विनोदी नट झालं.

प्रश्न : आमच्या भावकीत रस्त्याकडेला आठ-दहा एकर जागा आहे, वॉटर पार्क काढायचं चाललंय आणि सोबत एक बाजारगल्ली. गाळे पंधराच्या आसपास. एक भाऊ म्हणतो सगळे ब्रँड आणू, पिझ्झा, बर्गर, घड्याळं, मोबाइल कव्हर. मला पटत नाही पण दुसरं काय ठेवायचं तेही सुचत नाही. (एक वाचक, तासगाव)

उत्तर : भाऊसाहेब, तुम्ही तासगावचे असून मला विचारताय दुसरं काय ठेवायचं, कमाल आहे!

आधी साधी गोष्ट. पाण्यातनं भिजून बाहेर आलेल्या माणसाला काय लागतं ते गेटपाशी पहिल्याच गाळ्यात पाहिजे: टॉवेल, स्लिपर, पोरांच्या चड्ड्या, पोहायचे कपडे, फोन ठेवायची प्लॅस्टिकची पिशवी, केसांचे चाप. ह्याला काही शोभा नाही पण भाडं हाच गाळा वेळेवर देणार. दुसरा भडंग आणि चहाचा, कारण पाण्यात खेळून भूक कडकडून लागते, आणि सांगलीत येऊन माणूस भडंग न नेता गेला तर घरचे विचारतात. पिझ्झा ठेवा एखादा, पोरं ऐकत नाहीत, पण एकच.

मग खरी गल्ली. बेदाणा तुमच्याच तालुक्याचा, २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला जीआय (म्हणजे त्या भागाचाच माल अशी सरकारी ओळख) मिळालंय, हळदीला २०१८ मध्ये. पण पाकिटं रचून ठेवली की झालं किराणा दुकान, तेच आपल्याला नकोय. बेदाण्याच्या गाळ्यात हिरवा, पिवळा, काळा वेगवेगळा ओतून ठेवा, मूठभर खाऊन बघू द्या, रॅकवर द्राक्षं कशी वाळतात ते सीझनला एका कोपऱ्यात दाखवा. हळदीला समोर चक्की लावा, वास गेटपर्यंत गेला पाहिजे. आणि जमलं तर हरिपूरच्या पेवांसारखं एक छोटं पेव करून दाखवा, जमिनीखाली खड्ड्यात हळद साठवायची ती पद्धत आमच्या पोरांनाच माहीत नाही तर मुंबईच्या पाहुण्यांना कुठनं असणार, २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी गेली.

आणि एक गाळा मिरजेच्या तंतुवाद्यांना द्या, भाडं कमी घ्यावं लागलं तरी. भाऊ म्हणेल वॉटर पार्कात तंबोरा कोण घेणार. घेणार नाहीत हो, सगळे नाही घेणार! पण तिथं एक कारागीर बसवा जवारी काढायला, म्हणजे तारेचा आवाज गुंजेल असा जुळवायला. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस हळूच फिरवायची, तार छेडायची, तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवायचा, परत छेडायची, मान कलती करून ऐकायचं, परत कानस. आधी ठण्ण असा कोरडा आवाज येतो आणि मग एकदम तो फुलतो, गुंजायला लागतो, आणि सोबतच्या पोरांचं आइस्क्रीम हातात वितळतं तरी त्यांना कळत नाही. भोपळे पंढरपूरकडून येतात, ते अर्धे कापलेले, कोरलेले मांडून ठेवायचे. विकायला हातात मावणारी छोटी वाद्यं ठेवायची, मोठ्या तंबोऱ्याची ऑर्डर लिहून घ्यायची. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई ज्या मिरजेत राहिले त्या गावाच्या शेजारी राहून आपण मोबाइल कव्हर विकायची म्हणजे अवघड आहे.

घड्याळं मात्र नकोतच. सुट्टीला आलेल्या माणसाला वेळ कशाला दाखवता?

भावाला सांगा, एकदा पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर मॅप्रो गार्डनला जाऊन गर्दी बघ. तिथं ना उंच पाळणा ना लाटांचा तलाव, आत जायला तिकीट नाही, सरबत चाखायला देतात आणि लोक पिशव्या भरून बाहेर पडतात.

प्रश्न : पोरांना घेऊन थीम पार्कला गेलो की बाहेर पडायचा रस्ता दुकानातूनच असतो आणि तिथं रडारड. ही लूट नाही का? (एक आई, सातारा)

उत्तर : ताई, ठरवूनच केलेलं असतं ते. दमलेलं पोर, दमलेले आईबाप, खिशात उरलेले पैसे, आणि पोराच्या डोळ्यासमोर खेळणी. पण लूट म्हणाल तर पालीच्या खंडोबाच्या यात्रेतसुद्धा खेळण्यांचे स्टॉल वाटेवरच असतात की, माणूस चुकवून जाईल असे कोण मांडतंय. आपल्याकडं आजोबा यात्रेत शिरायच्या आधीच हातावर पैसे ठेवायचे आणि सांगायचे, ह्याच्यात काय बसतं ते घे, परत मागायचं नाही. तेच करा, पण गेटच्या बाहेर असतानाच. आत गेल्यावर सांगितलं तर आवाज पोहोचत नाही.

प्रश्न : थीम पार्कच्या बाजारात गाण्यांच्या सीडींचं, पुस्तकांचं दुकान चालेल का? (कॉलेज विद्यार्थी, कराड)

उत्तर : सीडी नाही. ऑरलँडोच्या डाउनटाउन डिस्नेत व्हर्जिन मेगास्टोअर होतं, चांगलं मोठं, २००९ मध्ये बंद झालं, गाणी तोवर लोकांच्या खिशात आलेली. पुस्तकं चालतील पण लहान मुलांची, आणि दुकानात कोणीतरी गोष्ट वाचून दाखवणारं पाहिजे.

प्रश्न : आमचं कंदी पेढ्याचं दुकान आहे, पार्कवाले गाळा घ्या म्हणतायत. घ्यावा का? (साताऱ्याहून एक जण, नाव नको म्हणालेत)

उत्तर : घ्या, पण कढई समोर ठेवायची परवानगी आधी लेखी घ्या. खवा भाजताना त्याचा रंग बदलतो ते लोकांना दिसलं पाहिजे, नाहीतर बॉक्स तर बसस्टँडवरही मिळतात. पार्कवाले धुराचं आणि गॅसचं कारण सांगून नाही म्हणतील, तसं म्हणाले तर आत जाऊ नका, गेटबाहेर पार्किंगजवळ जागा मागा. परत जाताना गाडीत बसायच्या आधी लोक तिथंच थांबतात.