तांदळात लिहिलेलं नाव

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कथा दोनदा वाचली. खाली तुझ्या नावाच्या जागी भलतंच नाव, आणि सोबतच्या चिठ्ठीत प्रश्न: ‘बाई, टोपणनावानं लिहिणं म्हणजे पळपुटेपणा का?’ अजिबात नाही. पण तुझ्या या कथेत एक जागा अडते. तिच्याकडे येतेच.

आधी विभावरी शिरूरकर या टोपणनावाचं बघ. १९३३ साली त्या नावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ हे कथांचं पुस्तक आलं आणि केवढा गदारोळ उठला! शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातलं एका बाईनं उघड लिहिलं होतं. ही बाई कोण, याची चर्चा चालली होती आणि जिचं हे टोपणनाव, त्या बाळूताई खरे मुलींना शिकवत होत्या. आडोसा होता म्हणून त्यांना एवढं मोकळं लिहिता आलं, असं मी मानते. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं. १९३८ साली विश्राम बेडेकरांशी लग्न झालं, बाळूताई खरे मालतीबाई बेडेकर झाल्या. १९५० साली ‘बळी’ ही कादंबरी आली, ती मात्र पुन्हा विभावरी शिरूरकरांचीच. माहेरचं नाव मागे पडलं, सासरचं आलं, आणि स्वतः ठेवलेलं नाव या सगळ्यातून टिकलं. त्याला खोटं कसं म्हणायचं?

माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि यांनी अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. वेलांटी घाईत अर्धीच राहिली होती, ती सासूबाईंनी बोटानं पुरी केली. मी वाकून वाचलं, तेव्हा मला कळलं की आजपासून माझं नाव हे. मला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून पहिल्या कथेखाली माझ्या मनानं नाव घातलं, तेव्हा हात थरथरत होता गं.

शिरवाडकरांचं जन्मनाव गजानन रंगनाथ. काकांना दत्तक गेले आणि विष्णू वामन झाले. कुसुम ही त्यांची बहीण. तिचा थोरला भाऊ म्हणून कुसुमाग्रज. ‘विशाखा’वर हे नाव, ‘नटसम्राट’वर वि. वा. शिरवाडकर, आणि दोन्हीकडे माणूस तोच. कादंबरीकार चिं. त्र्यं. खानोलकरांनीही कवितेसाठी आरती प्रभु हे नाव वेगळं ठेवलं. तू घेतलेलं नाव गोड आहे, पण तुझं त्याच्याशी काय नातं? आजीचं नाव, गावची नदी, लहानपणी कुणी मारलेली हाक, असं काहीतरी घे. वीस वर्षांनी कुणी त्या नावानं हाक मारली तर मान आपसूक वळली पाहिजे.

व्यवहाराचंही सांगते. संपादकांना खरं नाव कळव, आणि घरात निदान एकाला माहीत असू दे. माझी पंच्याहत्तर रुपयांची मनीऑर्डर टोपणनावानं आली होती. ‘असं कोणी इथं राहत नाही,’ म्हणून सासूबाईंनी पोस्टमनला परत पाठवलं. मी आत कणीक मळत होते, सगळं ऐकू येत होतं, आणि मी उठले नाही. पैशांपेक्षा ते वाक्य जास्त लागलं. त्या रात्रीच घरात सांगून टाकलं. आणि कायदाही माहीत असू दे: टोपणनावाच्या पुस्तकाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं चालतो, त्या मुदतीत लेखक कोण हे जाहीर झालं, तर साठ वर्षं त्याच्या मृत्यूनंतर मोजतात.

आता ती अडलेली जागा. तुझ्या कथेतली ताई सासर सोडून येते आणि स्टीलच्या डब्यावर कोरलेल्या नावातलं ‘सौ.’ खिळ्यानं खरवडते. नाव तसंच ठेवते, फक्त तेवढं अक्षर. वाचताना मी थांबले, चष्मा काढून ठेवला. सगळ्या कथेत इतकं जिवंत दुसरं काही नाही. पण तो डबा तुमच्या आळीत किती घरांतून फिरला असेल! त्यातून लाडू गेले असतील, रिकामा परत आला असेल. तू स्वतःचं नाव बदलशील, डबा कसा बदलशील? तुझा आडोसा तुझ्यापुरता आहे, ताईला तो पुरत नाही. ‘मी थोडंच माझ्या नावानं लिहिलंय’ हे तिला सांगता येणार नाही.

म्हणून छापायला देण्याआधी तिला वाचून दाखव. नुसता कागद हातात देऊ नकोस, समोर बसून वाच. ‘नको’ म्हणाली तर कथा ट्रंकेत राहू दे; मला फार हळहळ वाटेल, तरी हेच सांगेन. ‘हो’ म्हणाली तर खाली कुठलं नाव घालायचं तेही तिलाच विचार.

रविवारी दुपारनंतर मी घरीच आहे. कथा घेऊन ये. तिसऱ्या पानावरचे संवाद लांबलेत, ते बसून कापू.

तुझ्या
बाई