सैराटनंतर दहावी-बारावी करत बसल्यामुळे रिंकू राजगुरूचं करिअर मागे पडलं का?

नाही. आणि ते ‘करत बसल्यामुळे’ मला खटकलं, म्हणूनच लिहायला घेतलंय.

तुम्ही पुढे असंही विचारलंय की शंभर कोटींचा सिनेमा पाठीशी असताना तिने पुस्तकं बाजूला ठेवून सरळ मुंबई गाठली असती तर आज ती कुठच्या कुठे असती, आणि तिच्या जागी आम्ही असतो तर काय केलं असतं. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकते, कारण फार लहान प्रमाणावर का होईना, त्या जागी मी होते. पण आधी तारखा बघा, सगळा गैरसमज तिथेच आहे.

सैराट २९ एप्रिल २०१६ ला लागला. रिंकूचा जन्म जून २००१ चा, म्हणजे तेव्हा पंधरा वर्षंही पूर्ण नव्हती. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख सिनेमा लागण्याआधीच जाहीर झाला होता. मग तिच्या गावात, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजमध्ये, तिला बघायला अशी गर्दी व्हायला लागली की शाळेत जाणं अवघड झालं आणि दहावी तिने १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता परीक्षेला बसणाऱ्यांचा) भरून बाहेरून दिली. त्याच दहावीच्या वर्षात तिचा ‘मनसु मल्लिगे’ हा सैराटचा कन्नड रिमेक तयार झाला आणि मार्च २०१७ च्या शेवटी लागला. नायिका तीच, भाषा परकी. निकाल ६६.४० टक्के. बारावी कला शाखेतून, परीक्षा टेंभुर्णीला, ८२ टक्के, साल २०१९. आणि त्याच २०१९ च्या एप्रिलमध्ये ‘कागर’ लागला, निकालाच्या आधी. दोन्ही बोर्डांच्या वर्षी तिचा एकेक सिनेमा आलाय. यात घरी बसलेली पोरगी तुम्हाला कुठे दिसली?

आता माझं सांगते.

मीही सोलापूर जिल्ह्यातलीच. नव्वदच्या दशकात माझे मामा एका व्यावसायिक नाट्यसंस्थेबरोबर लाइट्स सांभाळत फिरायचे. त्या नाटकात घरातल्या धाकट्या मुलीचं काम होतं, दोन प्रवेशांचं, आणि करणारी मुलगी ऐन दौऱ्यात आजारी पडली. गॅदरिंगमध्ये मी बरी करते एवढ्या भांडवलावर मामांनी मला उभं केलं. सांगली, मिरज, इचलकरंजी, लातूर असा दौरा. पहिल्या प्रयोगाला तिसरी घंटा झाली तेव्हा मला माझं एकही वाक्य आठवत नव्हतं, आणि पडदा उघडल्यावर सगळी आठवली. नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, म्हणून जे पाकीट मिळालं ते मी आईच्या हातात दिलं. तो आनंद मी कुणालाही कमी लेखू देणार नाही.

दहावीच्या वर्षी शाळेने हजेरी भरत नाही म्हणून हात वर केले. वडिलांनी गुपचूप दाखला काढला आणि मला बाहेरून बसवलं. गावात त्याचा अर्थ एकच निघायचा, पोरगी नापास झाली. मी नापास झाले नव्हते. बसच्या मागच्या बाकावर, सेटच्या फळ्यांना पाय टेकून मी भूमिती करत होते. नाटकात माझ्या आजीचं काम करणाऱ्या बाई होत्या. त्या मेकअप उतरवता उतरवता माझ्याकडून इतिहासाच्या सनावळ्या म्हणून घ्यायच्या. त्यांचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं, आणि माझ्या वहीवर कुणी चहाचा कप ठेवला तर त्या अख्ख्या ग्रुपला फैलावर घ्यायच्या.

फेब्रुवारीत मॅनेजरचा निरोप आला. मुंबईत तारखा मिळाल्यात, शिवाजी मंदिर नाट्यगृहाला, मार्चचा पहिला पंधरवडा. परीक्षा त्याच दिवसांत. मी कळवलं, जमणार नाही. त्यांनी रिप्लेसमेंट घेतली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. शिवाजी मंदिरला दुसरीच मुलगी उभी राहिली.

माझा थोरला भाऊ ते आजपर्यंत विसरलेला नाही. लग्न असो, बारसं असो, पंगत बसली की दादा सुरू होतो, “हिने पेपरापायी शिवाजी मंदिर सोडलं, नाहीतर आज टीव्हीवर असती.” अहो, ते नाटकच पावसाळ्याआधी बंद झालं! पुढच्या नाटकांत शाळकरी मुलीचं काम नव्हतं आणि मोठ्या भूमिकेसाठी मी लहान होते. मी पेपर दिला असता किंवा नसता, काम तिथेच संपणार होतं. दहावी मात्र झाली, पुढे बारावी, डी.एड., जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी. राज्य नाट्य स्पर्धेला सोलापूर केंद्रावर मी अजूनही उभी राहते, आणि चांगली उभी राहते.

रिंकूचंही मूळ गणित हेच आहे, फक्त आकडे प्रचंड मोठे. सोळा-सतरा वर्षांच्या, अकलूजकडच्या बोलीत बोलणाऱ्या, बुलेट नि ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुलीसाठी मराठीत भूमिका लिहितं कोण? सैराटमधली आर्ची दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी लिहिली म्हणून झाली. तशा चार लिहून ठेवलेल्या होत्या आणि रिंकू पेपर सोडवत होती म्हणून त्या दुसऱ्या कुणाला गेल्या, असं असेल तर मला एक दाखवा. मराठी सिनेमात मुळात नायिकेसाठी लिहितात कमी, आणि लिहितात तेव्हा ती मुलगी पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहते. चूक काढायचीच असेल तर लिहिणाऱ्यांची आणि पैसा लावणाऱ्यांची काढा.

खरा घाव बसला तो नंतर, आणि त्याचा शिक्षणाशी संबंध नाही. बारावी झाली, मोकळी झाली, ‘मेकअप’ फेब्रुवारी २०२० मध्ये लागला आणि पुढच्याच महिन्यात कोरोनामुळे थिएटरं बंद पडली. ऐन उमेदीची जवळजवळ दोन वर्षं मोठा पडदा नसल्यातच जमा होता. तरी तिने काम थांबवलं नाही. ‘हंड्रेड’ या वेब सिरीजमध्ये लारा दत्ताबरोबर बरोबरीची भूमिका केली. ‘अनकही कहानियाँ’ या तीन कथांच्या सिनेमात दिग्दर्शक अभिषेक चौबेंच्या कथेत दिसली. ‘२०० हल्ला हो’मध्ये, नागपुरात २००४ साली वस्तीतल्या बायकांनी एका गुंडाला कोर्टातच ठार केलं त्या प्रकारावर बेतलेल्या सिनेमात, शिकून वस्तीत परतलेली मुलगी केली, समोर अमोल पालेकर. ‘झुंड’ २०२२ मध्ये आला. त्यात पासपोर्टसाठी बापाबरोबर कागद गोळा करत फिरणारी मोनिका आहे. काम छोटं, पण मला ते आर्चीइतकंच आवडतं, कारण तिथे ती जवळपास काहीच बोलत नाही आणि सगळं कळतं. मग २०२३ ला ‘झिम्मा २’. आता हे सगळं मागे पडणं असेल, तर पुढे जाणं म्हणजे काय ते तरी सांगा. सैराट हा मोजमापाचा सिनेमाच नव्हे. मराठीत तेवढा गल्ला तोपर्यंत कुणीच गोळा केला नव्हता. त्या फूटपट्टीने कुणालाही मोजा, अपुरंच भरेल.

तरीही तुमच्या प्रश्नात एक गोष्ट कुणी बघत नाही. बालकलाकारांसाठी २०१७ पासून नियम आहेत: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, मिळकतीच्या किमान २० टक्के मुलाच्या नावाने मुदत ठेवीत, शिक्षणाची सोय निर्मात्याने बघायची. चांगले आहेत. पण ते चौदा वर्षांखालच्यांना. म्हणजे नेमकी दहावी येते तेव्हा हे कुंपण संपलेलं असतं आणि घरच्यांना एकट्याने उभं राहावं लागतं. रिंकूचे आई-वडील शिक्षक आहेत, ते उभे राहिले. माझ्या वडिलांना सही करण्यापलीकडे लिहिता येत नव्हतं, तेही उभे राहिले.

हे मान्य करते की सगळ्यांना हे जमत नाही. घरात कर्ज असेल, मिळकत त्या एका मुलीचीच असेल, तर परीक्षा पुढच्या वर्षावर टाकावी लागते, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. रिंकूला मी ओळखत नाही, तिच्या मनात काय होतं ते तीच जाणे. शिक्षण घेतलं की काम मिळतंच असंही नाही, डी.एड. करून घरी बसलेल्या कितीतरी मुली मला माहीत आहेत.

पण तुम्ही हे स्वतःच्या घरासाठी विचारत असाल तर ऐका, कारण माझ्या घरात हेच चाललंय. दादाच्या मुलीला यंदा दहावी आहे आणि एका मालिकेत नायकाच्या बहिणीचं काम आलंय. दादा म्हणतो, दहावी काय पळून जाते का. अरे, मालिका पळून जाते! टीआरपी पडला की बहीण शिकायला परदेशी जाते आणि परत येत नाही. मी त्याला सांगितलं, काम घे, नक्की घे, माझ्या पुतणीत ते आहे. पण सही करण्याआधी करारात मार्चच्या तारखा मोकळ्या लिहून घे, तोंडी आश्वासनावर राहू नकोस. शाळा सोडावी लागणार असेल तर पावसाळ्यातच बोर्डाच्या सूचना बघ, १७ नंबरच्या फॉर्मची मुदत असते आणि दाखला मूळ लागतो, झेरॉक्स चालत नाही. तारखा लिहून द्यायला ते नाही म्हणाले, तर तूही नाही म्हण. दोन आठवड्यांसाठी जे थांबत नाहीत, ते दोन वर्षं तिला सांभाळणार आहेत होय?