बीपीची गोळी आणि वजनाचा काटा

प्रश्न : वय 52, सहकारनगर. सहा महिन्यांपूर्वी मेटोप्रोलॉल सुरू झालं. तेव्हापासून तीन किलो वजन वाढलंय. गोळी बंद करून बघू का?

नका करू. बीटा ब्लॉकर गटातली ही गोळी एकाएकी थांबवली तर बीपी आणि ठोके उसळी घेतात. हृदयविकार असेल तर झटकाही येऊ शकतो. तुमची शंका मात्र रास्त आहे. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांनी थोडं वजन वाढतं, पण सरासरी किलो-सव्वा किलो, तेही पहिल्या काही महिन्यांत. म्हणजे तिन्ही किलो गोळीच्या माथी मारता येत नाहीत. या गोळीने काहींना दमल्यासारखं होतं आणि चालणं नकळत कमी होतं. तुमचं तळजाई टेकडीवर फिरायला जाणं पूर्वीइतकंच आहे का, ते आठवून बघा.

डॉक्टरांना विचारा, ‘ही गोळी मला नेमकी कशासाठी दिलीय?’ अँजिओप्लास्टीनंतर किंवा ठोक्यांच्या तक्रारीसाठी असेल तर ती बहुधा चालू राहील. नुसत्या बीपीसाठी असेल तर टेल्मिसार्टनसारखी, वजन न वाढवणारी गोळी देता येते का, ते तेच ठरवतील. आणि चालताना मनगटावरच्या घड्याळातले ठोके बघू नका, या गोळीवर ते फारसे चढत नाहीत. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतक्या वेगाने चाला.

प्रश्न : वय 61, कोथरूड. अम्लोडिपिन 10 मिलिग्रॅम घेतो. संध्याकाळी चपला घट्ट होतात, काटा दीड किलो जास्त दाखवतो. रात्रीचं जेवण सोडलं, तरी फरक नाही.

काका, जेवण आजपासून पुन्हा सुरू करा. तुमच्या वर्णनावरून हे वजन चरबीचं नाही, पाण्याचं वाटतं.

आज संध्याकाळी सॉक्स काढल्यावर घोट्याच्या वर वळ उमटलाय का बघा. मग नडगीच्या हाडावर अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि उचला. खळगा तसाच राहिला तर ती सूज. रात्रभर आडवं पडल्यावर सकाळी ती बरीच उतरलेली असते, म्हणून वजन सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी करायचं. संध्याकाळचा आकडा वहीत लिहूच नका.

अम्लोडिपिनने बारीक रोहिण्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्या) सैलावतात आणि त्यांच्यापुढच्या केशवाहिन्यांमधलं पाणी आजूबाजूला झिरपतं. शरीरात पाणी साठल्यामुळे आलेली ही सूज नव्हे, त्यामुळे लघवी वाढवणारी गोळी इथे फारशी कामाला येत नाही. अशी गोळी स्वतःच्या मनाने सुरू केलेले पेशंट मी पाहिलेत. सूज तिथेच, वर अशक्तपणा. 5 मिलिग्रॅमपेक्षा 10 वर सूज जास्त येते. डॉक्टर डोस कमी करू शकतात किंवा जोडीला टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांपैकी एक देतात. त्याने सूज कमी व्हायला मदत होते.

गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेत असाल तर तेही सांगा. त्यांनी पाणी साठतं आणि बीपीही वाढतं. एकाच पायाला सूज आणि दुखणं, किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढून धाप लागणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : सासूबाई टेल्मिसार्टन घेतात. त्यांच्यासाठी कमी सोडियमचं मीठ आणलंय. हडपसर.

ते तूर्त बाजूला ठेवा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टननेही रक्तातलं पोटॅशियम वाढतं. किडनी अधू असेल तर ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. आधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासून घ्या.

साधंच मीठ कमी करा. माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरच. चौघांच्या घरात एक किलोची पुडी किमान 50 दिवस पुरायला हवी. पुडी फोडली की तिच्यावर तारीख टाका. पापड, लोणचं, फरसाण आणि पावातलं मीठ या हिशेबात धरलेलं नाही, ते वेगळंच.

प्रश्न : वय 46, पिंपळे सौदागर. आठ महिन्यांत 11 किलो उतरवले. आता उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, बीपी 104/66. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड एकत्र असलेली गोळी चालू आहे.

मनापासून अभिनंदन! साधारण एक किलो उतरलं की वरचं बीपी एक अंकाने उतरतं. 11 किलो आधीच्या तुम्हाला मोजून दिलेली गोळी आजच्या तुम्हाला जास्त होत असावी. त्यात पुण्याचा एप्रिल-मेचा घाम आणि गोळीतलं लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड, म्हणजे पाणी दोन्हीकडून जातं.

पण गोळी मोडून अर्धी घेऊ नका. बसून बीपी मोजा, उभे राहा, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 किंवा अधिक पडला तर ते तीनही आकडे डॉक्टरांना आजच फोन करून कळवा. जुलाब-उलट्या झाल्या तर त्या दिवसाची गोळी घ्यायची की नाही, हेही विचारून ठेवा. डोस बदलेपर्यंत सकाळी उठल्यावर पाय खाली सोडून मिनिटभर पलंगाच्या कडेलाच बसा, आणि गाडी चालवू नका.